बसल्या जागी नऊ हजार पावलं

सोमवारी साडेदहाला शहराच्या साथ नियंत्रण मंडळाची बैठक पडद्यावर भरली, तेव्हा मल्लिनाथ हत्तुरेने वर इस्त्रीचा सदरा आणि खाली घरचा लेंगा घातला होता. शारीरिक शिक्षण शिकवण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाचं पोट सुटू नये, असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. त्याचं सुटलं होतं. पण साथीच्या काळातल्या माणसांच्या हालचालीवर जगात कुठेही कुणी काही लिहिलं, की पहिल्या पानावर त्याचं नाव येत असे. एवढं नाव गाठीशी असलं की पोटाकडे कोण बघतो?

साथ नवी होती. करोनाला अठरा वर्षं उलटून गेली होती आणि लोक तो विसरूनही गेले होते, तेवढ्यात हा धूळताप आला. याचा विषाणू धुळीच्या कणाला चिकटून तास-दोन तास हवेत तरंगायचा, म्हणून रस्त्यावर एका वेळी ठरावीक माणसांपेक्षा जास्त माणसं नकोत, असा नियम झाला. सोलापूर म्हणजे धुळीचंच गाव. तिथे नियम जास्तच कडक होता. प्रत्येकाच्या फोनवर रोज सकाळी त्या दिवसाची मिनिटं येत. कुणाला वीस, कुणाला पन्नास. मिनिटं संपली की घरात.

ही मिनिटं कुणी माणूस वाटत नव्हता. ते काम कलदर्शकाकडे होतं. कलदर्शक म्हणजे जगातलं सगळं संशोधन वाचणारं यंत्र. एखाद्या विषयावर पाच हजार शोधनिबंध असले, तर ते सगळे वाचून हे यंत्र सांगे की संशोधनाचा कल कुठल्या बाजूला आहे. कुठला निबंध कुणी आधाराला घेतला, त्याच्यावर पुढे कुणी काय रचलं, हे सगळं ते झाडासारखं मांडून दाखवी. आणि जिकडे फांद्या दाट, तिकडे सत्य, असा त्याचा साधा हिशेब होता. करोनानंतर जगभर एकच ओरड झाली होती, की धोरणं मंत्र्यांच्या लहरीवर ठरू नयेत, पुराव्यावर ठरावीत. आता पुराव्यावर ठरत होती.

हालचालीच्या झाडाचं एक मूळ सोलापुरात होतं. करोनाच्या टाळेबंदीत सगळ्या जगाची हालचाल घटली, सगळ्यांच्या आलेखाची रेघ खाली गेली, पण सोलापुरातल्या कडक भाकरी करणाऱ्या दोनशे बायकांची रेघ वर चढली होती. रोज सरासरी नऊ हजार पावलं, तीही घरातल्या घरात. त्या निबंधावर नाव होतं मल्लिनाथ हत्तुरेचं. पुढे अकराशे चाळीस निबंधांनी त्याचा आधार घेतला. त्यातूनच 'गृहसक्रिय' नावाचा गट जन्माला आला. हातांनी घरबसल्या काम करणाऱ्या बायकांची हालचाल घरात पुरेशी होते, त्यांना बाहेर चालायची गरज नाही, असं त्याचं सार. म्हणून गृहसक्रिय बायकांच्या फोनवर रोज सकाळी शून्य मिनिटं येत.

बैठकीत मंडळाचे अध्यक्ष येमूल साहेब आधी औषधांच्या साठ्यावर बोलले. मग कोपऱ्यातल्या चौकटीतून एका तरुण डॉक्टरणीने हात वर केला. तिचं नाव तबस्सुम नदाफ. मंडळाने नेमलेल्या रुग्णालयात ती काम करायची.

"सर, पंधरा दिवसांत माझ्याकडे पायात रक्ताची गुठळी झालेल्या अकरा बायका आल्यात. अकराच्या अकरा गृहसक्रिय गटातल्या. त्यांतल्या नऊ जणींना धूळतापाची लागणसुद्धा नाही. मला वाटतं, या बायका चालतच नाहीत."

येमूल साहेबांनी तोच प्रश्न कलदर्शकाला घातला. पडद्यावर उत्तर उमटलं : अकरा नोंदी. विरुद्ध बाजूला अकराशे चाळीस निबंध. कल बदलत नाही. खाली झाड दिसत होतं आणि त्याच्या बुंध्याशी लिहिलं होतं, हत्तुरे.

"हत्तुरे सर इथेच आहेत की," येमूल साहेब कौतुकाने म्हणाले. "मूळपुरुषालाच विचारू. काय सर, तुमचं मत?"

सगळ्या चौकटींतले चेहरे त्याच्याकडे वळले. मल्लिनाथचं तोंड सवयीचं होतं, ते आपोआप चाललं.

"साथीत रक्त घट्ट होण्याची इतरही कारणं असतात," तो म्हणाला. "घाई नको. अजून नोंदी जमू द्याव्यात."

"पण सर, नोंदी म्हणजे बायका आहेत," तबस्सुम म्हणाली.

येमूल साहेबांनी पुढचा विषय घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तबस्सुमचा निरोप आला. अकरांतली एक बाई सकाळी गेली होती. गुठळी पायातून सुटून फुप्फुसात अडकली. निरोपात वय होतं, सदुसष्ट. नाव नव्हतं आणि मल्लिनाथने ते विचारलंही नाही. 'वाईट वाटलं' एवढं त्याने कळवलं. वाटलंही होतं. पण वाईट वाटणं आणि तोंड उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला अठरा वर्षांपासून ठाऊक होतं.

बुधवारी तो अक्काकडे निघाला. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती ती साथीमुळे तिकडेच अडकली, म्हणून त्याचं जेवणखाण अक्काच्या भाकरीवर चाललं होतं. तो बैठ्या कामाच्या गटात असल्याने त्याला रोज पन्नास मिनिटं मिळत. सात रस्ता चौकातल्या त्याच्या घरापासून अक्काच्या जोडभावी पेठेपर्यंत जाऊन यायला तेवढी पुरत. रस्त्यात माणसं अंतर ठेवून चालली होती. बँकवाले, वकील, मास्तर, दुकानांचे मालक. त्याने आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. तोंडावर पट्टी बांधलेले सगळे पुरुषच होते. चार-दोन बायका दिसल्या त्या कचेरीत नोकऱ्या करणाऱ्या.

अक्का म्हणजे महानंदा म्हमाणे, त्याची थोरली बहीण. मल्लिनाथ पाच वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा अक्का तेरा वर्षांची होती. तिने त्याला वाढवलं. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आली आणि कडक भाकरी विकून तिने त्याला शिकवलं, पदवीधर केलं, डॉक्टरेट करवली. कडक भाकरी पापडासारखी वाळते आणि महिनाभर टिकते. त्यामुळे कुठलीही साथ आली की भाकरीला मागणी वाढते. विलगीकरण केंद्रांची गाडी रोज सकाळी दारात येऊन भाकऱ्या उचलून नेत होती.

तो गेला तेव्हा अक्का परातीपुढे पाटावर बसली होती. एका खोलीचं घर, त्यातच शेगडी, पिठाचे डबे आणि वाळत घातलेल्या भाकऱ्यांची उतरंड. दोन्ही हात भाकरीवर पडत होते. थप थप, थप थप. भाकरी गोल गोल फिरत मोठी होत होती. त्या हातांची लय पन्नास वर्षांत चुकली नव्हती.

"ये की आत. तिथंच का उभारलास?" अक्का हात न थांबवता म्हणाली. "तुझ्या भाकऱ्या बांधून ठेवल्यात बघ. शेंगाची चटणी पण हाय."

"किती करतेस रोज?"

"तीनशे. पहाटे पाचला बसते ते दोनला उठते. उठते म्हंजे काय, उठायला येतंय कुठं? डावा पाय लई जड झालाय की मल्लू. चार दिवस झालं दुखलालाय."

मल्लिनाथ वाकला. अक्काने लुगडं घोट्यापासून थोडं वर केलं. डावी पोटरी उजवीपेक्षा दीडपट सुजली होती. कातडी ताणलेली, लालसर. त्याने हात लावला तर ती गरम लागली. हात लावताच अक्का कळवळली.

बीपीएडच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच धडा तो दरवर्षी शिकवायचा. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण खालून वर आणायला ते एकटं पुरत नाही. ते काम पोटरीचं. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू आवळतो आणि शिरांतलं रक्त वर पिळून काढतो. पोटरी म्हणजे माणसाचं दुसरं हृदय. माणूस मांडी घालून आठ-आठ तास बसला तर हे दुसरं हृदय बंद पडतं. रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटली की थेट फुप्फुसात जाते. मुलं हे वहीत उतरवून घेत. परीक्षेत त्याला पाच गुण असत.

"अक्का, तू चालत का नाहीस गं? घरातल्या घरात तरी?"

अक्का हसली. "मला काय गरज हाय चालायची? रोज नऊ हजार पावलं पडतात की माझी. तूच तर शोध लावलास." मग जरा अभिमानाने म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्या बायकांना मीच समजावून सांगितलं. त्या रडलालत्या, आम्हाला शून्य मिनिटं का म्हणून. मी म्हटलं, अगं, माझा भाऊ खोटं लिहील का? आपलं चालणं बसल्या जागी होतंय."

मल्लिनाथ तिथल्या तिथे पिठाच्या डब्याला धरून बसला. लाज माणसाला कुठून पकडते, याचा काही नेम नाही. त्याला तिने कानांत पकडलं. कान इतके तापले की शेगडीची धग लागते आहे असं त्याला वाटलं.

कारण अक्काला त्याने जे शिकवलं होतं, त्याच्या उलट तिनेच त्याला एकदा शिकवलं होतं.

करोनाच्या टाळेबंदीत त्याने भाकरीच्या गाडीबरोबर दोनशे बायकांना मनगटी पट्ट्या पाठवल्या होत्या. स्वतः तो एकाही घरात गेला नव्हता. जाताच येत नव्हतं. तो आपल्या खोलीत बसून आकडे बघायचा आणि आकडे त्याला वेड लावत होते. पट्टीच्या आत हिसके मोजणारा एक बारीक तुकडा असतो. माणूस चालतो तेव्हा हात हलतो, सेकंदाला साधारण दोन हिसके बसतात. पट्टी त्या लयीला पाऊल म्हणते. पट्टीला पाय दिसत नाहीत. तिला फक्त मनगट कळतं.

त्याचा निबंध स्वीकारला गेला, वर्तमानपत्रांत बातमी आली, आणि त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. "मल्लू, ही पट्टी येडी हाय का रे? मी पाटावरनं उठलेच न्हाई आणि ती पावलं मोजलालीय. भाकरी थापली की आकडा पुढं जातोय. थापायचं थांबलं की तो थांबतोय."

त्याने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेला, पट्टी मनगटाला बांधली आणि ओल्या पिठाच्या गोळ्यावर दहा मिनिटं थापट्या मारल्या. भाकरी काही झाली नाही, पण सहाशे चाळीस पावलं झाली. तो जागचा हलला नव्हता. ज्या दोनशे बायकांची रेघ वर गेली होती, त्या खरं तर आख्ख्या सोलापुरात सगळ्यात जास्त वेळ बसून राहिलेल्या बायका होत्या. मागणी वाढली होती ना.

तेव्हा एक पत्र लिहिलं असतं तर चूक दुरुस्त झाली असती. लोक चार दिवस हसले असते. पण प्राध्यापकपदाची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं होतं, आणि ज्याच्या नावाची रेघ साऱ्या जगाच्या उलट वर गेली त्याला ती स्वतःच्या हाताने खाली ओढवेना. त्याने अक्काला परत फोन लावला आणि म्हणाला, "अक्का, ते यंत्र तुझ्यापेक्षा हुशार आहे. ते बरोबरच मोजतंय."

"असं व्हय," अक्का म्हणाली होती. "मग बरंय की."

एवढंच. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. भावाने सांगितलं म्हणजे संपलं.

अक्काला त्याच दिवशी तबस्सुमच्या रुग्णालयात दाखल केलं. सोनोग्राफीत गुठळी दिसली, मांडीपर्यंत चढलेली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. पुढचे पाच-सहा दिवस धोक्याचे, असं तबस्सुम म्हणाली. मल्लिनाथला आत सोडत नव्हते. तो काचेबाहेर उभा राहिला. शेजारचं दार उघडं होतं, त्यातून अक्काचं बोलणं ऐकू येत होतं.

"डॉक्टरबाई, माझा भाऊच मोठा शास्त्रज्ञ हाय बरं का. तुम्ही ओळखत असाल."

"ओळखते," तबस्सुम म्हणाली. तिने काचेकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते न पाहणं मल्लिनाथला बरोबर लागलं.

गुरुवारी त्याने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. तोही शास्त्रीय पद्धतीने. कलदर्शकाला कुणीही नाव न देता निरीक्षण पाठवू शकत असे. त्याने अठरा वर्षांपूर्वीचा तो पिठाच्या गोळ्याचा प्रयोग नव्याने केला, आकडे व्यवस्थित मांडले, चित्रण जोडलं आणि निनावी पाठवून दिलं. त्याला वाटलं होतं, एवढं हुशार यंत्र, त्याला खरं समोर दिसलं की ते ओळखेल.

चार मिनिटांत उत्तर आलं. एक निरीक्षण. विरुद्ध बाजूला अकराशे चाळीस निबंध. कल बदलत नाही.

मग त्याने ते अकराशे चाळीस निबंध स्वतः उघडून पाहायला घेतले. दुपारपर्यंत दीडशे पाहून झाले. त्यांतल्या सहा जणांनी स्वतः काही मोजलं होतं, तेही मनगटाच्याच पट्टीने. बाकी सगळ्यांनी हत्तुरेचं वाक्य उचललं होतं, किंवा हत्तुरेचं वाक्य उचलणाऱ्याचं वाक्य उचललं होतं. एका तोंडातून निघालेली गोष्ट हजार तोंडांतून ऐकली की ती हजारांनी पाहिली असं वाटतं. गावातल्या चावडीवर हेच होतं आणि जगातल्या सगळ्यात शहाण्या यंत्रातही हेच झालं होतं. फांद्या मोजल्या, मूळ कुणी उकरलं नाही.

मूळ उकरायचा एकच रस्ता होता. मूळ लेखकाने निबंध मागे घेणं. शुक्रवारी सकाळी त्याने तो अर्ज उघडला. कारण लिहायला जागा होती. ती त्याने भरली. त्याखाली एक प्रश्न होता : चूक आपल्या लक्षात केव्हा आली?

प्रश्नाशेजारी नियम दिला होता. चूक नव्याने लक्षात आली असेल तर ती प्रामाणिक समजली जाईल. लेखकावर ठपका येणार नाही, आणि त्यावर आधारलेल्या निबंधांच्या लेखकांना खुलाशासाठी नव्वद दिवस मिळतील. तोवर धोरण आहे तसं राहील. चूक पूर्वीच माहीत असून लपवली असेल तर मात्र सगळी फांदी त्याच क्षणी गोठवली जाईल, तीवर उभे असलेले नियम थांबतील, आणि लेखकाचं नाव कारणासह जाहीर होईल.

नव्वद दिवस. मल्लिनाथने खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. 'आज' असं लिहिलं तर तो भला माणूस ठरणार होता. म्हातारपणी स्वतःची चूक कबूल करणारा थोर संशोधक. कदाचित पुन्हा एक शाल. आणि नव्वद दिवस शहरातल्या चाळीस हजार बायकांच्या फोनवर शून्य मिनिटं येत राहणार होती. त्यातल्या किती जणी तबस्सुमकडे पोचतील आणि किती पोचणार नाहीत, हे कुठलंच यंत्र सांगणार नव्हतं.

खरी तारीख लिहिली तर नोकरी जाणार होती, हे उघड होतं. त्याच्या निबंधावर डॉक्टरेट मिळवलेले दोन विद्यार्थी त्याला आयुष्यभर शिव्या घालणार होते, तेही उघड होतं. पण त्याचा हात अडखळला तो त्यासाठी नाही. खालच्या ओळीत आणखी एक प्रश्न होता : ही चूक आपल्याला कुणी दाखवून दिली होती का?

तो अर्धा तास त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्याने अठरा वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि खालच्या ओळीत लिहिलं, महानंदा म्हमाणे, भाकरी करतात, जोडभावी पेठ. अर्ज गेला.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पडद्यावरचं झाड पिवळं पडायला लागलं. एकेक फांदी गोठत गेली. साडेपाचला येमूल साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, उलट फार हळू बोलले. "हत्तुरे सर, सोमवारी मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं हो," एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी गृहसक्रिय बायकांच्या फोनवर चाळीस-चाळीस मिनिटं आली. जोडभावी पेठेच्या बोळांतून बायका बाहेर पडल्या. कुणी पदराने तोंड बांधलेलं, कुणाच्या हाताला अजून पीठ. त्यांना कुठे जायचं नव्हतं. त्या नुसत्याच चालत होत्या, आणि सवय मोडलेली असल्याने भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या. मल्लिनाथ रुग्णालयाकडे जाताना त्यांच्यामधून गेला. आज कुणीही त्याला नमस्कार केला नाही. बातमी सगळीकडे पोचली होती.

अक्काला खुर्चीवर बसवून काचेजवळ आणलं होतं. तिच्या हातात तबस्सुमचा फोन होता, त्यावरून दोघं बोलू शकत होती.

"डॉक्टरबाईंनी वाचून दाखवलं," अक्का म्हणाली. "माझं नाव पण छापलंय म्हणे."

"अक्का, चुकलो. मला तेव्हाच कळलं होतं. तू सांगितल्यावर मी स्वतः करून पाहिलं होतं."

"होय?"

"होय. आणि तरी तुला खोटं सांगितलं."

अक्का रडेल, शिव्या देईल, फोन ठेवेल, यातल्या सगळ्याची त्याने तयारी केली होती.

"मला बोललास त्याचं काय न्हाई रे," ती म्हणाली. "मी तुझी बहीण हाय, मला तू येडी म्हणलास तरी चालतंय. पण मी ते खरं धरून गल्लीभर सांगत सुटले. सुगलाबाई कोरे मला म्हणत होती, महानंदा, पायात गोळे येलालेत, अंगणात चार फेऱ्या मारू का? अंगणातच, बाहेर न्हाई. मी म्हटलं, कशाला गं, पडशील उगं, तुझी पावलं होतात की." अक्काचा आवाज चिरला. "मंगळवारी सकाळी गेली ती, मला हितं आल्यावर कळलं. तुला ठाऊक हाय?"

सदुसष्ट. मल्लिनाथला निरोपातलं ते वय आठवलं. त्याने ज्याचं नाव विचारलं नव्हतं ते वय.

"तिच्या लेकीला जाऊन सांग," अक्का म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? मी माफच करणार. आईच्या जागी हाय मी तुला, मला दुसरं काय येतंय? तिच्याकडं जा."

"अक्का, आता सगळ्यांना कळलंच आहे की. छापून आलंय."

"छापलेलं निराळं," अक्का म्हणाली आणि तिने फोन तबस्सुमच्या हातात दिला.

सुगलाबाईचं घर अक्काच्या घरापासून चौथं. दारात चपला होत्या, पण आवाज नव्हता. मल्लिनाथने कडी वाजवली. सुगलाबाईची लेक ऐश्वर्या बाहेर आली. तिशीची असेल. सोलापुरातल्या एका शाळेत शिकवायची. तिने त्याला ओळखलं हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. या म्हणाली नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"मी मल्लिनाथ हत्तुरे. महानंदाचा भाऊ."

"माहीत आहे."

"तुमच्या आईबद्दल…" त्याने वाक्य बांधून आणलं होतं, ते त्याने सोडून दिलं. "तुमच्या आई माझ्यामुळे गेल्या. मला ठाऊक होतं की त्या पट्ट्या चुकीचं मोजतात. अठरा वर्षांपासून ठाऊक होतं. मी बोललो नाही. तुम्हाला तोंडाने सांगायला आलोय."

ऐश्वर्याने दाराची कड धरली होती. तिची बोटं पांढरी पडली. मग ती बोलली, मास्तरीण एखाद्या मुलाचं उत्तर तपासते तशी, सावकाश.

"सोमवारी तुमची बैठक होती ना? डॉक्टर नदाफ म्हणाल्या मला. त्यांनी तुम्हाला अकरा बायकांचं सांगितलं होतं."

"होय."

"त्यात माझी आई होती. तेव्हा ती जिवंत होती."

"होय."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, अजून नोंदी जमू द्या."

"होय."

"आई मंगळवारी गेली. तेही तुम्हाला कळवलं होतं. तरी तुम्ही गप्प होतात." ती क्षणभर थांबली. "मग काल का बोललात? मधे काय झालं?"

मल्लिनाथने इकडेतिकडे पाहिलं. बोळातून दोन बायका चालत येत होत्या. त्या त्याला बघून थबकल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. अंतःकरण जागं झालं, असं काहीतरी सांगता आलं असतं. ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. अठरा वर्षांत असली अर्धी खरी वाक्यं त्याने ढिगाने केली होती.

"बुधवारी माझ्या अक्काचा पाय सुजला," तो म्हणाला.

ऐश्वर्या त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, रागही नाही. जे हवं होतं ते कळल्यासारखी तिने मान हलवली.

"म्हणजे ती सुजली नसती तर नाही."

"नाही," मल्लिनाथ म्हणाला.

तिने दार लावून घेतलं.